हंगामाच्या सणातल्या साक्षी

नगर जिल्ह्यातील आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत बाजरी घरात आली की हंगामाचा सण होतो. पाहुण्या पाळकांचे, म्हणजे धर्मगुरूंचे, स्वागत, शास्त्रवाचन, वर्षाचा हिशेब हे सारे रीतीप्रमाणे पार पडते. मी वाट पाहत असतो ती भजनानंतरच्या साक्षींची, म्हणजे आपल्या आयुष्यात आलेला देवाच्या कृपेचा अनुभव लोक उभे राहून सांगतात त्याची. टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचे भजन गाण्याची गोडी आमच्या भागाला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी लावली. १९१७ साली त्यांनी स्थापन केलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी तोच मोकळेपणा जपल्यामुळे सणाच्या पंगतीला गावातील कोणीही निःसंकोच बसतो.

एका वर्षीची साक्ष मी विसरू शकत नाही. मोलमजुरी करून दोन मुले वाढवणाऱ्या एका विधवा भगिनीने उभे राहून सांगितले की, पती दवाखान्यात असताना तिची उभी बाजरी ज्या शेजाऱ्याने कापून, मळून, पोती भरून घरी पोहोचवली, त्याच्या घराशी बांधाच्या भांडणावरून त्यांचे कित्येक वर्षे बोलणे नव्हते. तिने त्याचे नाव घेतले नाही. पण मागच्या सतरंजीवर मान खाली घालून कोण बसले आहे, हे सर्वांना ठाऊक होते. पुढे अर्पणात आलेल्या धान्याच्या लिलावात तिने अर्पण केलेली पायलीभर बाजरी निघाली, तेव्हा पहिली बोली त्यानेच लावली, आणि बोली चढत गेली तरी त्याने माघार घेतली नाही. पाळकांच्या उपदेशांवर माझे प्रेम आहे. तरी मंडळीतली प्रीती मला दिसते ती अशा अडखळत सांगितलेल्या साक्षींतून.

या सणासाठी राबणाऱ्यांपैकी कोणाचा उल्लेख राहू नये, याची मला फार काळजी वाटते. मंडप घालणारी तरुण संघाची मुले, पहाटेच चुली पेटवणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी, आपल्या विहिरीचे पाणी देणारे शेतकरी, पेटीवर साथ करणारे निवृत्त गुरुजी, ज्वारीची ताटे बांधून वेदी सजवणारी शब्बाथ शाळेची, म्हणजे मंडळीच्या धर्मशिक्षण वर्गाची, मुले, पैसे न घेता लाऊडस्पीकर लावणारा ख्रिस्तेतर मित्र, लिलाव पुकारणारे पंच, आणि सर्वांच्या शेवटी जेवून पातेली घासणाऱ्या दोघी सासू-सुना, या सर्वांचे मंडळीवर ऋण आहे. अंथरुणाला खिळूनही दरवर्षी मूठभर धान्य पाठवणाऱ्या आजींचेही आहे.

एक खंत मात्र लिहिलीच पाहिजे. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली आमची कुटुंबे नाताळाला आवर्जून येतात, नव्या कपड्यांत फोटो काढतात आणि परततात. हंगामाच्या सणाला मात्र सुटी मिळत नाही, असे त्यांचे उत्तर असते. त्यांची वर्गणी वेळेवर पोहोचते, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण त्यांच्या मुलांनी साक्षी ऐकलेल्या नाहीत. यंदा पंचांनी सण रविवारी ठेवून तारीख दोन महिने आधीच कळवली आहे, आणि मुक्कामासाठी शाळेच्या खोल्याही मागून घेतल्या आहेत.