पहिलं मिनिट डीजेचं

सिनेमे शुक्रवारी लागतात हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. गाण्यांचा शुक्रवार मात्र तसा नवा. 2015 च्या जुलैपर्यंत नवे अल्बम अमेरिकेत मंगळवारी यायचे आणि इंग्लंडमध्ये सोमवारी. मग सगळ्या कंपन्यांनी मिळून जगभर एकच वार ठरवला. तेव्हापासून गुरुवारची रात्र सरली की फोनवर नव्या गाण्यांचा ढीग पडलेला असतो, आणि सकाळी ठाण्याला गाडीत शिरले की मी तो उपसायला घेते. इलेक्ट्रो आणि हाउस, म्हणजे क्लबात नाचायचं यंत्रांच्या ठेक्याचं संगीत, इंडी म्हणजे छोट्या स्वतंत्र बँडांची गाणी, आणि या सगळ्यांचे रीमिक्स. बहुतेक गाणी मुलुंड यायच्या आत निकालात निघतात. त्यात मला वाईट वाटत नाही, गाणी करणाऱ्यांनीही फारशी मेहनत घेतलेली नसते. पण एखादं असं निघतं की ते एकटीने ऐकून ठेवून देववत नाही. साडीच्या सेलची बातमी जशी पोटात राहत नाही, तसं ते कुणाला तरी सांगावंच लागतं.

सांगण्यात एक गोम आहे. ‘मस्त आहे, ऐक’ एवढंच लिहून लिंक टाकली तर ती कोणी उघडत नाही. मीही उघडत नाही. गाणं किती छान आहे याच्याशी समोरच्याला देणंघेणं नसतं. ते कुठे ऐकायचं आणि कितव्या मिनिटाला कान टवकारायचे हे सांगितलं, तर तो ऐकतो. डान्स म्युझिकच्या बाबतीत तर हे सांगावंच लागतं, कारण त्यातलं पहिलं मिनिट ऐकणाऱ्यासाठी नसतंच.

ते डीजेचं असतं. हाउसचा वेग साधारण मिनिटाला 120 ते 128 ठोके. क्लबसाठी केलेल्या ट्रॅकच्या तोंडाशी बऱ्याचदा 32 बार नुसता ठेका चालतो. एका बारात चार ठोके, म्हणजे 128 ठोके, म्हणजे 120 च्या वेगाने एक मिनिट आणि वर चार सेकंद. तेवढ्या वेळात डीजे आधीचं गाणं उतरवतो आणि हे चढवतो. दोन्हींचे ठोके एकावर एक बसवायला त्याला मोकळी जागा हवी असते. त्यात कोणी गायला लागलं की दोन गाण्यांची जुंपलीच. शेवटीही अशीच जागा सोडलेली असते, पुढच्या गाण्यासाठी. ऑफिसातल्या एका मुलाला मी असा सात मिनिटांचा ट्रॅक दिला होता. जेवायच्या सुट्टीत येऊन म्हणाला, ‘‘ताई, याच्यात काही होतच नाहीये.’’ म्हटलं, ‘‘अरे, ते तुझ्यासाठी नाहीये. तू दुसऱ्या मिनिटाला ये.’’ आला. त्यानंतर त्याने रेडिओ एडिट ऐकणं सोडलं. रेडिओ एडिट म्हणजे त्याच गाण्याची तीन मिनिटांची मुंज करून आणलेली आवृत्ती. ऐकवणाऱ्या अॅपवर अर्धा मिनिट ऐकलं तरच ते ऐकणं मोजलं जातं, म्हणून हल्ली मुखडा दारातच उभा केलेला असतो. मला एक्स्टेंडेड मिक्स, म्हणजे ती लांब आवृत्तीच आवडते. ताटकळायला लावून मग आत घेणारी गाणी मला मुळातच आवडतात, स्वभावच तसा.

कुठे ऐकायचं, याचंही एक शास्त्र आहे. लोकलमध्ये बास ऐकू येत नाही. गाडीची घरघर स्वतःच खालच्या पट्टीतली, ती गाण्याचा खर्ज गिळून टाकते. घरी ज्या ट्रॅकने खिडकीची तावदानं थरथरली, तोच कुर्ला ते सायनच्या मध्ये फक्त टिकटिक आणि टाळ्या एवढाच उरतो. यात ट्रॅकचा दोष नाही, पण ऐकणाऱ्याला ते कोण सांगणार? नॉइज कॅन्सलेशनवाले हेडफोन नेमकी तीच खालची घरघर कापतात, तेव्हा ते असणाऱ्यांना मी बासवरच चालणारं टेक्नो पाठवते. वायरवाल्या साध्या इयरफोनवाल्यांना गिटार, गळा आणि कडक स्नेअर, म्हणजे कडाडणारा ड्रम, असलेलं इंडी. डब्यात भजनी मंडळ बसलं असेल तर मात्र कुठलाच हेडफोन पुरत नाही आणि पुरूही नये, त्यांचा ठेका आमच्यापेक्षा पक्का असतो.

रीमिक्स म्हटलं की आपल्याकडे पन्नाशीच्या माणसाचं तोंड वाकडं होतं. त्याला कारणही आहे. 2000 च्या आगेमागे जुन्या हिंदी गाण्यांना धपाधपा ठेका चिकटवून जे विकलं गेलं, त्याने सगळ्यांचीच बदनामी केली. तेव्हा मूळ गाणं येऊन दोन वर्षं झाली की कॉपीराइट कायद्याच्या आडोशाने हे चालायचं. 2012 च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांची केली आणि मूळ शब्दसुरांना हात लावायलाही मनाई केली. पण ते सगळं बाजूला ठेवलं तर माझ्या मते रीमिक्स ही स्वतःच एक शिफारस असते. करणारा म्हणत असतो, ‘तू गाणाऱ्याकडे बघत बसलास, त्याच्या मागे काय चाललंय ते ऐक.’

न्यूयॉर्कच्या टॉम मोल्टन या रेकॉर्ड मिक्स करणाऱ्याने सत्तरच्या दशकात नेमकं हेच केलं. नाचणारे रंगात येतात आणि तीन मिनिटांत गाणं संपतं, हे त्याच्या लक्षात आलं. मग गाण्यातला जो तुकडा लोकांना उचलतो तोच त्याने ताणला, वाद्यं एकेक काढून घेतली आणि नुसता ढोल उरवला. एकदा कापायला लहान कोरी तबकडी मिळाली नाही म्हणून मोठीवर गाणं घेतलं. खाचा ऐसपैस पडल्या, आवाज दणदणीत आला, आणि बारा इंची सिंगल, म्हणजे मोठ्या तबकडीवर एकच लांबवलेलं गाणं, हा प्रकार त्यातून उभा राहिला. तिकडे जमैकात किंग टबी नावाचा साउंड इंजिनिअर त्याच्याही आधीपासून गाण्यातला गळा काढून ड्रम आणि बास मोकळे सोडत होता, वर एकोचा फवारा.

आणि आपल्या बेंजो पार्टीला हे कोणी शिकवलं? लालबागला, गिरगावात आगमनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीच्या बाजूला उभं राहून एकदा नीट बघा. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला, तारांचा लांबट खोका. डावा हात बटणांवर, उजव्या हातात तारा छेडायची नखी, आणि पिकअप लावून आवाज थेट अॅम्प्लिफायरला. शेजारी काठ्यांनी इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा ऑक्टोपॅडवाला, पलीकडे कीबोर्ड, मागे ढोल-ताशे. गाणं लागतं तेव्हा अंतरा कोणी वाजवत नाही. मुखडा, मग मधला म्युझिक पीस, पुन्हा मुखडा, पुन्हा पीस. मूळ रेकॉर्डमध्ये आठ-दहा सेकंदांत उरकलेला तो पीस इथे पाच-पाच मिनिटं चालतो, कारण पोरं त्यावरच सुटतात. बेंजोवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत असतो. पाय थंडावले की तो मान हलवतो आणि ऑक्टोपॅडवाला ठेका फिरवतो. संगीतकाराला जे आपल्या गाण्याबद्दल माहीत नसतं, ते याला त्या गल्लीपुरतं माहीत असतं. रात्री दहाला भोंगे बंद करायचा नियम, सणासुदीला वर्षाकाठी फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट. त्यामुळे सूट नसलेल्या दिवशी साडेनऊ ते दहा या वेळात जे कट पडतात, त्यांची रेकॉर्ड निघायला हवी. कोणीतरी मनावर घ्या.

आता माझ्या हक्काच्या शिफारशी. नव्या गाण्यांच्या नादात मी काही जुनी हाताशी ठेवली आहेत. ज्यांना ‘हे तुमचं धाडधाड’ नको असतं, त्यांच्यासाठी. पहिली लंडनच्या किरन हेब्डेनची, म्हणजे फोर टेटची. त्याची आई भारतीय वंशाची. 2015 मध्ये त्याने ‘मॉर्निंग/इव्हनिंग’ नावाचा अल्बम काढला. त्यात दोनच ट्रॅक, प्रत्येक वीस मिनिटांच्या घरात, आणि सकाळच्या बाजूला ठेक्यावर लताबाईंचा आवाज तरंगत येतो. हे मी मुलुंडच्या मावशीला दिलं. भाजी निवडता निवडता ऐकत होती. ‘‘ही ‘सौतन’मधली लता,’’ पहिल्याच सुराला तिने ओळखलं. थोड्या वेळाने हात थांबला. ‘‘अगं, तेच तेच परत का म्हणायला लावतोय हा बाईंना?’’ मी गप्प बसले. आणखी थोड्या वेळाने, ‘‘त्या ओळीत मध्ये केवढा श्वास आहे बघ. इतक्या वर्षांत कधी लक्ष गेलं नव्हतं.’’ वीसच्या वीस मिनिटं ऐकलं तिने. आवडलं का विचारलं तर म्हणाली, ‘‘बाईंनी मूळ गायलंय ते चांगलंच होतं.’’

दुसरी शिफारस इथलीच, या शहरातली. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे वादक. 1982 मध्ये त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक रेकॉर्ड काढली. यंत्रं तीन, सगळी रोलंड या जपानी कंपनीची: ठेक्याचं टीआर-808, बासचं टीबी-303 आणि सुरांसाठी ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर. यातलं 303 हे खरं तर एकट्या गिटारवाल्याला सोबत म्हणून बास वाजवून देणारं डबडं. ते चाललं नाही, 1984 मध्ये कंपनीने बनवणं बंद केलं. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं, आणि शिकागोच्या पोरांनी त्याची बटणं वेडीवाकडी पिळून जो चिवचिवाट काढला त्याला अॅसिड हाउस म्हणतात. ‘फ्यूचर’ या त्रिकुटाचा ‘अॅसिड ट्रॅक्स’ आला 1987 मध्ये. सिंगसाहेबांची रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची, आणि दोन्ही कानांना सख्खी भावंडं वाटतात. इथे ती कोणी विचारली नाही. 2010 मध्ये एका डच रेकॉर्ड कंपनीने पुन्हा काढली तेव्हा जग चकित झालं, आणि म्हातारपणी ते युरोपात जाऊन वाजवून आले. 2015 मध्ये गेले. ‘अॅसिड हाउसचा शोध भारतात लागला’ असली वाक्यं मात्र मला सोसत नाहीत. शिकागोत कोणी ही रेकॉर्ड ऐकली नव्हती. तेच यंत्र दोन गावांत दोघांच्या हाती लागलं, आणि मुंबईतल्या माणसाला त्यातून भैरव वाजवावासा वाटला, हे काय कमी आहे?

तो भैरव मी आमच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना ऐकवला. काका आयुष्यभर मैफली ऐकलेले. डोळे मिटले, मांडीवर ताल धरला, सोडला, पुन्हा धरला. ‘‘भैरव आहे. कोमल रिषभ लागलाय बरोबर. पण भैरवाला एवढी घाई कसली?’’ मग म्हणाले, ‘‘यमन आहे का यात?’’ यमन होता. तोही ऐकला. मालकंसाला म्हणाले, ‘‘हा बरा आहे, याला घाई शोभते.’’ मला हे काही पटलं नाही, पण त्यावर आमचं अर्धा तास छान भांडण झालं. लिंक टाकून एवढं कधी होत नाही.

ताजं ऐकायचं तर आपल्याकडेच हाताशी पुष्कळ आहे. सँड्यून्स या नावाने वाजवणारी मूळची मुंबईची सनाया अर्देशीर, तिचा पियानो इलेक्ट्रॉनिक ठोक्यांत विरघळत नाही, वर तरंगतो. ‘शब्दच कळत नाहीत’ अशी तक्रार असणाऱ्यांना मी दिल्लीच्या लिफाफा या गायकाचा 2019 चा ‘जागो’ हा अल्बम देते. हिंदी शब्द, खाली कसलीशी फिरत राहणारी यंत्रं, आणि गाणारा कंटाळल्यासारखा. तो कंटाळा खोटा आहे हे दुसऱ्या ऐकण्यात कळतं.

कार्यक्रमाची शिफारस करताना मात्र मी जपून असते. गाणं आवडलं नाही तर तीन मिनिटं जातात, कार्यक्रम आवडला नाही तर अख्खी रात्र आणि टॅक्सीचे पैसे. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात 2007 पासून नऊ वर्षं ‘ब्लूफ्रॉग’ नावाचा लाइव्ह संगीताचा क्लब होता, तेव्हा ऑफिसातून पायी जाता यायचं. आता अंधेरी, खार, जिथे असेल तिथे. कधी नऊचा कार्यक्रम साडेदहाला सुरू होतो, आणि शेवटच्या गाडीचा हिशेब करत टाळ्या वाजवाव्या लागतात. परवा डोंबिवलीच्या मैत्रिणीला ओढून नेलं. तिला यातलं काही माहीत नाही, नाट्यसंगीतावर वाढलेली. मुख्य गायकाकडे तिने बघितलंही नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘गाणी ठीक गं. पण तो डावीकडचा पोरगा काहीतरी ढोलकीच्या अंगाने वाजवत होता, त्याचं नाव विचार.’’ परत आत जाऊन विचारलं. त्याचा स्वतःचा वेगळा बँड आहे आणि पुढच्या शुक्रवारी त्यांचं गाणं येतंय. ते मी आधी तिलाच पाठवणार आहे.