आपली बत्ती

रत्नागिरीला आमच्या घरात 'दीपगृह' हा शब्द कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. दीपगृह शाळेच्या पुस्तकात, लाइट हाऊस मुंबईच्या पाहुण्यांसाठी, आणि घरात नुसती बत्ती. "बत्ती लागली का बघ गं," असं आजी म्हणाली की तिन्हीसांजा झाल्या, हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसा. आमच्या गच्चीवरून दिवा थेट दिसायचा. मोठी झाल्यावर झोप लागत नसली की दोन झोतांमधले आकडे मोजत पडायची सवय लागली, ती चिंचवडच्या फ्लॅटमध्येही सुटलेली नाही. तिथे मोजायला काही नसतं, तरी मोजते.

या दिवाळीनंतर चार दिवसांची रजा जोडून गेले ती खास बत्तीचे फोटो काढायला. पंधरा वर्षं कॅमेरा हातात आहे, आणि घरच्या बत्तीचा एकही धड फोटो माझ्याकडे नव्हता. याची खरोखर खंत वाटत होती.

ज्यांनी रत्नदुर्ग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे आणि तीन बाजूंनी समुद्र. एका टोकाच्या टेकडीवर बालेकिल्ला, त्यात भगवती देवीचं देऊळ. दुसऱ्या टेकडीवर सिद्धा बुरूज, तिथे १८६७ सालापासून दीपगृह आहे. मध्ये खोलगट भाग, पायथ्याला भागेश्वराचं देऊळ, आणि खाली मिरकरवाड्याचं बंदर. सगळीकडे जांभा दगड. पाऊस नुकताच सरलेला असल्यामुळे गवत अजून कमरेइतकं होतं, वरून पिवळं आणि मुळाशी हिरवं. नोव्हेंबरात हवा धुतल्यासारखी असते. फोटो काढायला जाणार असाल तर याच दिवसांत जा. एप्रिल-मे मध्ये क्षितिज असं दिसतच नाही, समुद्र आणि आभाळ एकाच राखाडी फडक्यातून कापल्यासारखे.

पहिल्या संध्याकाळी तिकीट काढून मनोऱ्यावर गेले. कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं. सज्जावर वारा इतका की बोलणं ऐकू येईना. खाली खडकांवर लाट फुटते ती आधी दिसते आणि आवाज नंतर येतो, इतक्या उंचीवर आपण असतो. भिंगाच्या खोलीत दिवसा पडदे ओढलेले असतात. कारण साधं आहे: जे भिंग रात्री दिव्याचा उजेड गोळा करून समुद्रावर फेकतं, तेच दिवसा उन्हाला आत गोळा करील आणि दिवाच जाळून टाकील.

या भिंगांबद्दल मला फार कुतूहल आहे. एकच जाड भिंग घडवलं तर ते उचलणार कोण? ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच माणसाने त्याच्या कड्या कापल्या, मधला नुसता जाडपणा काढून टाकला, उजेड वळवणारा पृष्ठभाग तेवढा ठेवला. १८२३ साली फ्रान्समध्ये कोर्दुआनच्या दीपगृहात त्याचं भिंग बसलं आणि मग जगभर गेलं. आणखी एक गोष्ट मला लहानपणी कुणीतरी सांगायला हवी होती. फिरत्या भिंगाच्या बत्तीत दिवा उघडझाप करतच नाही. तो सतत जळत असतो, त्याच्याभोवती भिंग फिरतं. भिंगाचं तोंड आपल्याकडे आलं की आपल्याला झोत दिसतो. पूर्वी हे भिंग भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळासारखं वजनाच्या जोरावर फिरायचं आणि रात्रपाळीचा माणूस त्याला किल्ली द्यायचा. एका रात्रीत कितीदा तरी. शेजारच्या दोन बत्त्यांची लय कधीच सारखी ठेवत नाहीत, म्हणजे झोतांमधला वेळ मोजून खलाशाला कळतं की समोर कोणतं बंदर आहे.

अंधार पडायच्या आत पाहुण्यांना खाली पाठवतात. म्हणून पेटलेल्या बत्तीचा फोटो मनोऱ्याजवळून घेता येत नाही. समोरच्या बालेकिल्ल्याच्या तटावर जावं लागतं. मी दुसऱ्या दिवशी तिथे ट्रायपॉड लावला. वाऱ्याने तो थरथरू नये म्हणून मधल्या दांड्याला पिशवी टांगून तीत दोन जांभ्याचे तुकडे घातले. सूर्य बुडाला, मनोरा आधी केशरी आणि मग निळसर झाला, आणि बत्ती लागली.

पहिले वीसेक फोटो वाया गेले. प्रत्येक फोटोत दिव्याभोवती धुरकट खळं. मला वाटलं धुकं आहे. मग कॅमेऱ्याच्या भिंगावरच्या फिल्टरवरून बोट फिरवलं तर करकरलं, जिभेला लावलं तर खारट. दीड तासात वाऱ्याने समुद्र काचेवर आणून वाळवला होता. असं मीठ कोरड्या फडक्याने पुसलं की काचेवर ओरखडे उठतात. आधी फुंकर, मग बाटलीतल्या गोड्या पाण्याचा ओला बोळा, मग कोरडं कापड. माझ्या बॅगेत आजीच्या जुन्या नऊवारीचा तुकडा असतो. तितकं मऊ कापड बाजारात मिळत नाही. काच स्वच्छ झाल्यावर पुढची अडचण कळली: आठ सेकंद शटर उघडं ठेवलं तर झोत सगळीकडे पसरून नुसता उजेडाचा डाग उरतो. मग तोंडाने आकडे मोजत, झोत माझ्याकडे वळायच्या जरा आधी शटर उघडायला लागले. लहानपणीची मोजणी उपयोगाला आली. चार फोटो मनासारखे मिळाले.

घरी येऊन आजीला दाखवले. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, डोळे अजून चांगले आहेत. तिने बघितले आणि म्हणाली, "मनोरा छान आलाय. पण बत्ती अशी नाही दिसत."

"मग कशी?"

तेव्हा तिने तिची गोष्ट पुन्हा सांगितली. लग्न होऊन ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आली. सकाळी मुंबई सोडली आणि दिवसभर तिला बोट लागली होती. रात्री सासूबाईंनी उठवून डेकवर नेलं, एक बत्ती दाखवली. "ही जयगडची. ही मागे पडली की सामान आवरायचं. पुढची आपली." मग काळोखात कितीतरी वेळ काहीच नाही. आणि मग समोर 'आपली'. बोट लांब उभी राहायची, माणसं पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरून मांडवीच्या धक्क्याला लागायची. त्या काळोखात तिने रत्नागिरीची पहिली पाहिलेली वस्तू म्हणजे तो झोत. मनोरा तिला दुसऱ्या दिवशी दिसला.

हे मी पन्नासदा ऐकलं असेल. पण या वेळी लक्षात आलं की बत्ती ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्या जागेवर मी कधी उभीच राहिले नव्हते.

शेजारच्या काकांची मिरकरवाड्याला होडी आहे. पहाटे चारला ते जवळच टाकलेली जाळी काढायला निघाले, तेव्हा लाइफ जॅकेट घालून मी बसले. जमिनीकडून गार मतलई वारा सुटला होता. बंदराचे दिवे मागे गेले, किल्ला काळोखात विरून गेला, आणि टेकडीच्या जागी नुसती बत्ती उरली. होडीत उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोन मीटरवर असतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं. पण दिवा शंभर मीटर उंचीवर असेल तर तो चाळीसेक किलोमीटरपर्यंत क्षितिजाच्या वर राहतो. म्हणून कड्याच्या टोकावर बांधायचा, म्हणून टेकडी.

मी काकांना विचारलं, जीपीएस असताना बत्तीकडे बघता का? ते जाळं ओढत होते. म्हणाले, "दोन्ही हात जाळ्यात असताना यंत्राकडे कोण बघणार? बत्ती डोळ्याच्या कोपऱ्यातून पण दिसते."

हलत्या होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, साडेसहा हजारांजवळ नेला, शटर एक तीसांश सेकंद, आणि पाय रोवून झोत मोजत बटण दाबत राहिले. बहुतेक फोटोंत उजेडाची वेडीवाकडी रेघ आली. एका फोटोत मात्र नुसता काळोख आणि त्यात एक ठिपका. टेकडी नाही, मनोरा नाही, पाणीसुद्धा नाही.

तो आजीला दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"हां, अशी," म्हणाली. मग जरा थांबून, "पण ही जयगडची की आपली?"

फोटोत ते कळायला मार्गच नव्हता. मी तिचा हात हातात घेतला, तळव्यावर बोटाने एक टिचकी मारली, मनात आकडे मोजले, दुसरी मारली. पुन्हा मोजले. तिसरीच्या वेळी तिचंच बोट माझ्या आधी पडलं.

"आपली," ती म्हणाली.