बाळापूरचा हॉल्ट

शेगावच्या भाड्यात आम्हा ड्रायव्हरांचं खरं मरण वेटिंगचं. "अर्ध्या तासात आलो" म्हणून गेलेली मंडळी कचोऱ्यांचे पुडे घेऊन दुपारी उगवतात आणि वेटिंगचे पैसे मागितले की महाराजांच्या दारात भांडण नको म्हणतात. परतताना अकोल्याच्या अलीकडे बाळापूर लागतं. किल्ल्यापाशी थांब म्हणणारा पॅसेंजर मला तोवर भेटला नव्हता.

त्या दिवशी काकाजी एकटेच होते. गाडी पोरानं पुण्याहून बुक केलेली : शेगाव, दर्शन, थेट अकोला स्टेशन. बाळापूर आलं तसे म्हणाले, "बापू, गाडी आत घे. किल्ला पाहाचा हाय मले." रेल्वेला भरपूर वेळ होता. घेतली.

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर हा किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं काम सुरू केलं, ते पुरं केलं एलिचपूरच्या, म्हणजे आताच्या अचलपूरच्या, नवाब इस्माईलखानानं, 1757 मध्ये. एकात एक तीन दरवाजे, उंचच उंच बुरूज, आणि बांधकाम विटांचं. आपल्याकडे किल्ला म्हटलं की काळा दगड आणि सह्याद्री; वऱ्हाडातल्या विटांकडे कोण बघतो? आमची ट्रॅव्हल्सवाली मंडळी तर कधीच नाही. त्यांच्या पॅकेजमध्ये शेगावनंतर थेट जेवणाचा ढाबा येतो.

काकाजी जन्मभर गवंडीकाम केलेले. आत शिरले ते वर बघतच नव्हते, भिंतीला नाक लावून चालले होते. एका सांध्यात अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. चुना हलला नाही. मग प्रसादाच्या पुड्याचा दोरा सोडला, माझ्या हातातली गाडीची किल्ली घेतली, तिला बांधली आणि दरवाजाच्या कडेला ओळंबा धरला, भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला. किल्ली डुलायची थांबेपर्यंत दोघंही गप्प. "हे पाय," म्हणाले, "आमच्या भट्टीची वीट दोन पावसाळ्यात झडते."

तेवढ्यात पोराचा फोन. त्याच्या मोबाईलवर गाडीचा ठिपका हलत नव्हता. बाबांना उन्हात कशाला फिरवता, गाडी मी बुक केली, आत्ताच्या आत्ता निघा. निघणार कशानं? किल्ली ओळंब्याला लटकलेली! काकाजींकडे फोन दिला, तर मान न वळवता म्हणाले, "सांग त्याले, मी कामावर हाय."

स्टेशनवर वेळेत पोचलो, रेल्वे अजून यायची होती. तरी पोरानं तक्रार केली आणि मालकानं वेटिंगचे पैसे माझ्या हिशोबातून कापले. "पैसे देतो तो गिऱ्हाईक," म्हणे. मग मागच्या सीटवर बसला होता तो कोण, सामान? दर्शनाच्या रांगेपायी गाडी तासन्‌तास उभी राहते तेव्हा कुणाचा ठिपका कुणाला खुपत नाही. म्हाताऱ्यानं स्वतःच्या धंद्यातलं काही डोळे भरून पाहिलं, तर लगेच रूट मोडला.

मिर्झाराजे जयसिंगांची नदीकाठची छत्री मात्र पाहायची राहून गेली. काकाजींनी स्टेशनवरच माझा नंबर घेऊन ठेवलाय. येताना स्वतः फोन करणार, भाडं रोख देणार, आणि पोराला सांगायचं नाही असं बजावून गेलेत.