तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंटशी बोलायला शिकवतात का?

मी एमबीबीएस शिकते हे कळलं की लग्नात, बारशाला, एसटीत शेजारी बसलेल्या काकूंकडून हा प्रश्न हमखास येतो. "तुम्हाला पेशंटशी बोलायला कुणी शिकवतं की नाही गं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा मान वर न करता चिठ्ठी लिहिणारा एखादा डॉक्टर असतो, त्यामुळे प्रश्न कमी आणि तक्रार जास्त. तरी सांगते.

शिकवतात. २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला 'एटकॉम' म्हणून एक भाग आहे. वागणूक, नीतिमत्ता, संवाद असं सगळं त्यात येतं. वाईट बातमी कशी सांगायची याची 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत तर आम्हाला तोंडपाठ असते. पहिली पायरी: पेशंटला आडोशाच्या, निवांत जागी बसवा. आमच्या सरकारी हॉस्पिटलात मेडिसिनचा वॉर्ड भरला की दोन खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या पडतात. आडोसा म्हणजे लिफ्टसमोरचा कोपरा, आणि तिथे आधीच कुणाचे तरी नातेवाईक डबा उघडून बसलेले असतात. म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत पोचायचीच मारामार.

बाकीचं जे काही येतं ते पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डात शिकायला पाठवतात तेव्हा. वॉर्डात विद्यार्थ्याला अधिकार कसलाच नसतो. औषध लिहायचं नाही, डिस्चार्ज द्यायचा नाही. मुलींना तर पेशंट सरळ 'सिस्टर' म्हणून हाक मारतात. पण आमच्याकडे वेळ असतो, आणि तो तिथे दुसऱ्या कुणाकडेच नसतो. रेसिडेंट, म्हणजे वॉर्ड सांभाळणारा ज्युनियर डॉक्टर, रात्रभर जागा असतो, सरांना राउंड आटोपून ओपीडी गाठायची असते. आम्ही आपले स्टूल ओढून हिस्ट्री घेत, म्हणजे आजाराची सगळी कहाणी विचारत बसतो.

अशाच एका आजी होत्या. शुगर खूप वाढली म्हणून ॲडमिट केलेल्या. केसपेपरवर शेरा: औषधं नियमित घेत नाहीत. राउंडला त्यांना सगळ्यांनी मिळून रागावूनही झालं होतं. दुपारी मी म्हटलं, "आजी, गोळ्या दाखवता का?" त्यांनी उशाखालून कापडी पिशवी काढली. आत गोळ्यांच्या पट्ट्यांचे कात्रीने कापलेले तुकडे, बहुतेकांवर नाव अर्धवट. औषधाच्या खिडकीवर मोजून द्यायचं म्हटलं की पट्टी कापावी लागते, आणि नाव कधी कधी दुसऱ्या तुकड्यावर राहतं. आजींना वाचता येत नव्हतं, त्या रंगावरून ओळखायच्या. "गुलाबी गोळी साखरेची. ती यायची बंद झाली बघ." कंपनी बदलली होती, तीच गोळी आता पांढरी येत होती. पांढऱ्या गोळ्या आजींनी बाजूला काढून ठेवल्या होत्या, कुणाच्या तरी चुकून आल्या असतील म्हणून. जपून, परत करायला. रेसिडेंटला सांगितलं, तेव्हा त्याने नव्या पाकिटांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिले.

त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं असं नाही. "समजलं का?" असं दर वेळी विचारलं होतं आणि दर वेळी त्या "हो" म्हणाल्या होत्या. आपल्याकडे डॉक्टरला "नाही समजलं" म्हणणारा पेशंट मी तरी क्वचितच पाहिला.

मला खरा राग येतो तो खाटेशेजारी उभं राहून पेशंटच्या डोक्यावरून इंग्रजीत बोलण्याचा. टीबीला 'कॉक्स' म्हणायचं, कॅन्सरला 'मायटॉटिक', म्हणजे त्याला कळायला नको. त्याला शेजारच्या खाटेवाल्याकडून संध्याकाळपर्यंत सगळं कळलेलं असतं. कामाचं मात्र राहून जातं. टीबीच्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, काळजीचं कारण नसतं. हे आधी सांगायला दहा सेकंद पुरतात. नाही सांगितलं तर माणूस रक्त समजून घाबरतो आणि सहा महिन्यांचा कोर्स पहिल्याच आठवड्यात सोडतो. (नातेवाईक "आईला सांगू नका हं" म्हणून बाहेर गाठतात तो वेगळाच विषय. त्याचं उत्तर मला अजून जमलेलं नाही.)

तर काकू, शिकवतात, पण निवांत बोलायला शिकवतात. रांग जिन्यापर्यंत गेलेली असताना दोन मिनिटांत काय बोलायचं, ते कुणी शिकवत नाही. पुढे इंटर्नशिप आहे, मग माझ्याकडेही स्टूल ओढायला वेळ नसेल. म्हणून त्या दोन मिनिटांत बसतील असे प्रश्न मी आत्तापासून जमवते आहे. "गोळ्या घेता का?" याऐवजी "कुठली गोळी राहून जाते?" "समजलं का?" याऐवजी "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" आणि नवऱ्याने बायकोच्या वतीने सगळी उत्तरं दिली, की त्याला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवायचं आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारायचा. हा शेवटचा एका सिस्टरांकडून उचलला. शिक्का आधीच मारलेला असला तरी चालतो, म्हणाल्या.