विरार गेली, बोरिवली येतेय

दादरच्या फलाटावर एक काकू फोनवर सांगत होत्या, "विरार गेली गं, आता बोरिवलीच पकडते."

गाव काही जागचं हलत नाही. म्हणजे मुख्य अर्थ अडला. मग कान त्याला जोडून असलेला अर्थ उचलतो, तिथं जाणारी लोकल. काव्यशास्त्रातली लक्षणा ती हीच. गंमत लिंगात आहे: गाव 'ते विरार', गाडी 'ती विरार'. एकट्या 'गेली'नं सगळं कळतं.

'डबा खाल्ला' याच जातीचं. 'तो नुसता दगड आहे' मात्र साम्यावर चालतं, म्हणून ती गौणी लक्षणा.

चर्चगेट तर आणखी पुढचं. चर्चगेट म्हणजे मुंबईच्या जुन्या किल्ल्याचा एक दरवाजा; तो १८६०च्या दशकात तटबंदीबरोबर पाडला. नाव स्थानकानं घेतलं, स्थानकाचं गाडीनं. "चर्चगेट लेट आहे" म्हणताना दरवाजा कुणाच्या डोक्यात असतो?