वाळू मऊ असते, पण...

घरून फोन आला की हमखास विचारतात, "वाळवंटात घोडे पळवता म्हणजे पायांना गादीच की! मग तुम्हा घोड्यांच्या डॉक्टरांना काम काय?" भरपूर काम आहे, आणि त्यातलं बरंचसं या गादीनेच लावलंय.

इथे यूएईत एंड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडीच्या, शर्यती 100, 120, 160 किलोमीटरच्या असतात. दुबईचं सेह अल सलाम, अबुधाबीचं अल वथबा ही मोठी ठिकाणं. प्रत्येक टप्प्यानंतर घोड्याची नाडी ठरलेल्या वेळेत साधारण मिनिटाला 64 ठोक्यांवर किंवा त्याखाली यावी लागते, आणि दुडकीत तो लंगडता कामा नये. नाहीतर बाद.

दबलेल्या, ओलसर वाळूवर घोडा मजेत पळतो. कोरड्या, खोल वाळूत मात्र टाच रुतते, रेटा देताना खूर मागे घसरतो आणि त्याच वेगासाठी हृदयाला जास्त राबावं लागतं. धक्का कमी बसतो हे खरं, पण ताण पायाच्या नळीच्या हाडामागच्या कंडरांवर, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोरांवर, येतो. म्हणून आमचे राजस्थानी, पाकिस्तानी, सुदानी मोतद्दार पहाटे खोगीर चढवायच्या आधी पायांवरून हात फिरवतात. कुठे जरा ऊब लागली, की त्या दिवशी नुसतं चालवणं.

खरी गोम वेळेत आहे. दम आणि स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार होतात. कंडरा आणि हाडं बरीच मागे रेंगाळतात. तोवर घोडा टवटवीत दिसतो, मालकाला वेग हवा असतो, आणि दुखापत होते ती इथेच. सुरुवातीचे महिने टणक जमिनीवर चाल आणि दुडकी, मग खोल वाळूचे छोटे तुकडे. अंतर, वेग, वाळूची खोली यांतलं एका वेळी एकच वाढवायचं. नुसत्या वाळूवरही भागत नाही, कारण हाड घट्ट व्हायला थोडा धक्का लागतोच.

वाळू पोटातही जाते. जमिनीवरचं गवत खाताना ती आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. लीद पाण्यात कालवून ठेवली की तळाशी किती वाळू बसते ते दिसतं. उपाय म्हणून आपलं ईसबगोल देतात! त्याच्यावर माझा फारसा भरवसा नाही. त्यापेक्षा गवत रबरी चटईवर टाकावं.

घामाचं प्रकरण वेगळं. घोड्याच्या घामातून क्षार इतके जातात, की नुसत्या पाण्याने भरपाई होत नाही. कधीकधी त्याला तहानही लागत नाही. म्हणून खाद्यात मीठ.

एवढं सगळं करूनही सपाट मार्ग आणि बक्षिसांचा मोह वेग वाढवतोच. घोड्यांच्या हालांवरून एफईआय या घोडेस्वारीच्या जागतिक संघटनेने 2015 मध्ये यूएईच्या घोडेस्वारी महासंघाला काही महिने निलंबित केलं होतं. अबुधाबीतल्या बूदीब या शर्यतींच्या ठिकाणाने ताशी 20 किलोमीटरची मर्यादा आणि 56 ची नाडी असे स्वतःचे नियम लावले. शर्यत रटाळ होते म्हणून कुरकुरणारे होते. मला मात्र ते नियम सगळीकडे हवेत.