गोळी सुटली, पण ते सहा आठवडे!

बाळंतपणानंतर पाचव्या महिन्यात माझा टीएसएच (थायरॉइड ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक) १८ निघाला आणि थायरॉइडची रोज ५० मायक्रोग्रॅमची गोळी मागे लागली. वर्षभराने डॉक्टर म्हणाल्या, "बाळंतपणानंतरच्या सुजेमुळे झालेलं असेल तर ग्रंथी पुष्कळदा आपली आपण सावरते. सोडून बघू." आधी २५ वर सहा आठवडे, रिपोर्ट ठीक आला तर बंद, आणि पुन्हा सहा आठवड्यांनी तपासणी. २५ चे दिवस कधी सरले कळलंही नाही.

खरा वैताग पुढे. गोळी बंद झाली आणि मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. कंगव्यातले केस मोजायचे, दुपारी हात गार लागले की कपाळाला लावून बघायचे, जरा डोळा लागला की "झालं, परत सुरू!" शेवटी दहाव्या दिवशी कुणालाही न सांगता रक्त देऊन आले. टीएसएच २.४. घरभर बढाया मारल्या, डॉक्टरांनाही ऐटीत रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा तुमच्या थायरॉइडचा नाही, जुन्या गोळ्यांचा रिपोर्ट आहे. औषध रक्तात निम्मं व्हायलाच सात दिवस लागतात. टीएसएच त्याच्याही मागून हलतो." म्हणजे पैसे गेले, बढाई गेली आणि उरलेले आठवडे जागच्या जागी. त्या मधल्या दिवसांची चीड अजून गेलेली नाही. तपासणी लवकर केल्याने वाट बघणं कमी होत नाही, एवढं मात्र कळलं. अर्थात चेहरा सुजला, खूपच सुस्ती आली, तर सहा आठवडे धरून बसू नका, असं त्यांनी बजावलं होतं.

हो, एक राहिलंच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. मला हे अगदी आदल्या आठवड्यात कळलं.

आणि माझं बघून कुणी गोळी सोडू नका. ज्यांची ग्रंथी काढली आहे किंवा रेडिओआयोडीनने, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन देऊन, निकामी केली आहे, त्यांना ती जन्मभर लागते. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर आपल्या मनाने हातही लावायचा नाही.

सहाव्या आठवड्यात ३.१ आला. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. मधे जाणार नाही म्हणतेय, पण आईचा विश्वास नाही.